टाळ्यांच्या दवाखान्याविरुद्ध

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात माझा पाणउतारा केला. वेळ पक्की आहे. नावं लिहून घेणाऱ्या खिडकीवालीच्या डोक्यावर घड्याळ आहे, आणि मान खाली घालायची नाही असं ठरवल्यामुळे मी त्याच्याकडेच बघत उभी होते.

मी गेले होते केसांसाठी. ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं. पोटाचा मोठा भाग बाजूला करून आतडं वर जोडलं, वजन उतरलं, गुडघे हलके झाले, सगळं ठीक. पण दोन महिन्यांपासून कंगवा फिरवला की हातात पुंजका येतो. तेवढंच विचारायचं होतं.

या दवाखान्याची तऱ्हा लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. वजनकाटा आत नाही, बाहेर लोक बसतात तिथे आहे. खिडकीवाली आकडा मोठ्याने वाचते. मागच्या वेळेपेक्षा कमी असला की डॉक्टर स्वतः दारात येऊन टाळ्या वाजवतात आणि बाकीच्यांनीही वाजवायच्या. लोकांना हुरूप येतो म्हणे. खोकल्याला आलेला माणूस खोकत खोकत टाळ्या वाजवतो, मी पाहिलंय.

माझा आकडा वाचला गेला. दोन-चार जणांनी हात वर केले. डॉक्टर दारात आले, आणि टाळी न वाजवता म्हणाले, "यांच्यासाठी नको. यांनी सोपा रस्ता धरलाय." मग माझ्याकडे वळून, "पोट कापून घेताना मला विचारलं होतंत का, वहिनी? मग आता केसांचं माझ्याकडे कशाला? ज्याने कापलं त्याच्याकडे जा."

कोणीतरी हसलं. एक हसला की बाकीच्यांना परवानगी मिळते.

एवढ्यावर भागलं नाही. माझ्यामागे धाकटी जाऊबाई उभी होती. तिचंही तेच ऑपरेशन, त्याच हॉस्पिटलात, मागच्या ऑक्टोबरात. पण तिने आधी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी दिली होती. ती काट्यावर चढली, आकडा खाली आला, आणि डॉक्टरांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू वजन त्यांचंच उतरलं. सगळा दवाखाना वाजवत होता. तिने वाकून नमस्कार केला, तोल जाऊन काट्याचा दांडा धरला आणि गोड हसली.

मी केस तसेच घेऊन घरी आले.

गुरुवार, ६ मार्च

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, जाऊ दे. हे तीस वर्षं हेच म्हणत आलेत. ह्यांच्या शब्दकोशात तेवढंच एक क्रियापद आहे. अर्थात ह्यांचं कारण वेगळं. दर रविवारी डॉक्टरांबरोबर बुद्धिबळाचा डाव असतो आणि ह्यांना दुसरा खेळाडू मिळणार नाही, कारण हे एका चालीला अर्धा तास लावतात.

"तो मनाने वाईट नाही गं," हे म्हणाले. मी म्हटलं, मन बघायला मी गेलेच नव्हते, केस दाखवायला गेले होते.

आता हे प्रकरण रीतसर चालवायचं. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीची सगळी वर्षं काढली आणि शेवटची काही त्या विभागाची प्रमुख म्हणून. तक्रार कशी मारायची हे मला जितकं कळतं तितकं फार थोड्यांना कळत असेल. फोनवरची तक्रार म्हणजे हवा. भेटून केलेली तक्रार म्हणजे चहा. लेखी आली की आधी आभार मानायचे, मग संबंधितांकडे पाठवल्याचं कळवायचं, मग संबंधितांनी ती आपली नव्हेच असं कळवायचं. तोवर माणूस थकतो. आणि सगळ्यात मोठा नियम: एका अर्जात एकच तक्रार. दोन असल्या की अर्ज परत. त्या एका नियमाने आम्ही अर्धी टेबलं रिकामी ठेवत होतो.

म्हणून मीही ठरवलंय. आधी दुसरा डॉक्टर शोधायचा, केसांचा निकाल लावायचा, आणि मग आमच्या डॉक्टरांकडे वळायचं. एका वेळी एकच.

चपला बदलायला हव्यात. आज जिन्यात उजवी चप्पल केव्हा निसटली ते कळलंच नाही. वर पोचल्यावर ह्यांनी विचारलं, एकाच पायात का. हल्लीच्या चपलांना पकडच नसते.

सोमवार, १० मार्च

दुसरे डॉक्टर. काचेचं दार, आत थंडगार, खुर्च्या अशा की उठताना हात लागतो. वयाने तरुण, चेहरा इस्त्री केलेला. मी ऑपरेशनचं नाव काढलं आणि त्यांनी खुर्ची एक वीतभर मागे घेतली. म्हणाले, हे आमच्या कक्षेत येत नाही, तुमच्या सर्जनना भेटा.

सर्जनच्या ऑफिसला फोन केला. सर्जन परदेशी गेलेत. तिथली बाई म्हणाली, वर्षानंतर आम्ही पेशंट बघत नाही, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मी म्हटलं, नेहमीचे म्हणतात ज्याने कापलं त्याच्याकडे जा. ती म्हणाली, आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत.

आभार. मी फोन ठेवला. काम चोख होतं. आमच्या विभागात असती तर मी तिला बढती दिली असती.

शनिवार, १५ मार्च

तिसऱ्या डॉक्टरीणबाई. आवाज मधाळ. माझे केस न बघता माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, वाढत्या वयाचा स्वीकार करा, मन प्रसन्न ठेवा. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर सुपीरियरही अशाच गोड बोलायच्या, पण त्यांच्या हातात पट्टी असायची, त्यामुळे निदान अर्थ कळायचा.

मन प्रसन्न ठेवलं. जिभेची आग काही थांबली नाही. टूथपेस्ट बदलून बघते.

रविवार, १६ मार्च

दीर आणि धाकटी जाऊ जेवायला आले होते. तिने नवे कपडे शिवलेत, तेही आता ढगळ होतात. सगळे तिचं कौतुक करत होते. ह्यांनीसुद्धा केलं. ती म्हणाली, "ताई, मी नाही हं कसली तक्रार करत. डॉक्टर म्हणतात तुझ्यासारखी पेशंट पाहिली नाही."

ऐकून डोक्यात तिडीक गेली. तिने वाटीत दोन चमचे सूप घेतलं, त्यातला एक प्यायली आणि लगेच उठून न्हाणीघरात गेली. नळ सोडून बराच वेळ आत. तोंडावर पाण्याचे हबके मारून बाहेर आली, पुन्हा हसतमुख. येताना एका हाताने भिंत चाचपत येत होती, जणू मंचावर प्रवेश करतेय. पेल्यात पाणी ओतताना अर्धं टेबलावर. ह्यांनी पुसलं. ती म्हणाली, अय्या, पेला इकडे आहे होय.

पूर्वी जेवणाच्या टेबलावर ती मला वरचढ व्हायची ती बडबडीत. आता न बोलता वरचढ होते. कमी खाण्याची शर्यत लावायची असेल तर मला त्यात रस नाही. मी माझं अंडं संपवलं. ह्यांनी ते बशीत चार तुकडे करून दिलं होतं. हे हल्ली माझं सगळंच बशीत वाढतात, लहान मुलाला दिल्यासारखं. मला आवडत नाही, पण सांगितलं तर चेहरा पाडतात.

शुक्रवार, २१ मार्च

चौथी. जाहिरात नाही, काचेचं दार नाही. पत्ता चपलांच्या दुकानदाराने दिला. मी तिसऱ्यांदा चपला परत करायला गेले तेव्हा तो म्हणाला, बाई, पट्टा ठीक आहे, तुम्ही पाय एकदा वरच्या डॉक्टरांना दाखवा. आगाऊपणाच. पण दुकानाच्या वरच आहेत म्हणून गेले.

पहिला मजला, जिना अंधारा, दारावरची पाटी वाकडी. डॉक्टरीणबाई स्वतः अशा लठ्ठ की ऑपरेशनच्या आधीची मी त्यांच्या शेजारी बरी दिसले असते. टेबलावर चहाचा कप, त्यात बिस्किटाचा गाळ. संगणकावर दोन बोटांनी टाइप करतात आणि मधूनच त्यालाच रागावतात. मी मनात म्हटलं, झालं, हा आणखी एक वाया गेलेला दिवस.

मी केसांचं सांगितलं. नेमकं, मुद्देसूद. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आणखी काय?"

मी म्हटलं, आणखी काही नाही, केसांसाठी आले आहे.

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या. बाहेर माणसं खोळंबली होती. मला खरं तर त्याचाच राग आला, एवढी माणसं ताटकळत असताना असं बसायचं काय कारण. शेवटी ती शांतता घालवायला म्हणून मी जिभेचं सांगितलं.

"बरं. आणखी काय?"

मग चपलांचं. मग परवा चाळणी हातात होती आणि तिचं नाव आठवेना म्हणून ह्यांच्यावर ओरडले त्याचं. मग पहाटे पायांना मोजे घातल्यासारखं वाटतं आणि बघितलं तर पाय उघडे, त्याचं. एकेक सांगत गेले आणि प्रत्येकानंतर त्या तेच विचारत गेल्या. शेवटी माझ्याकडचं संपलं. आमच्या विभागात कोणी असं विचारलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी बिलं वाटायला पाठवलं असतं.

त्यांनी उठून, टेबलाला वळसा घालून, गुडघ्यावर हात टेकत खाली बसून माझे पाय हातात घेतले. दोन दांड्यांचा एक पोलादी चिमटा टेबलावर ठोकून वाजवला आणि घोट्यापाशी धरला. त्याची थरथर जाणवली की सांगा म्हणाल्या. मी थांबून राहिले. चिमटा थरथरताना दिसत होता, ऐकू येत होता, पण पायाला काही नाही.

"ऑपरेशननंतर रक्त शेवटचं कधी तपासलं?"

मी म्हटलं, तपासलंच नाही. डॉक्टरांकडे तीनदा गेले होते. पहिल्यांदा ते म्हणाले वय. दुसऱ्यांदा म्हणाले कमी खाता तेच उत्तम. तिसरी वेळ चार मार्चची.  टाइप करताना त्यांनी कळफलकावर जरा जोरात बोटं आपटली.

गुरुवार, २७ मार्च

निकाल आला. बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. लोह तळाला. बाईंनी चित्र काढून समजावलं, जे पोट कापलं तिथूनच त्याला शोषायची सोय व्हायची. म्हणजे जन्मभर बाहेरून घ्यावं लागणार आणि दर काही महिन्यांनी रक्त बघावं लागणार. हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवं होतं. केस येतील. जिभेची आग थांबेल. पायांचं त्या म्हणाल्या, बघू. मी बघूचा अर्थ विचारला. म्हणाल्या, काही परत येईल, सगळं येईलच असं नाही, उशीर झालाय.

उशीर माझ्यामुळे झाला नाही. मी तीनदा गेले होते.

मला आनंद झाला, हे खोटं कशाला लिहू. हातात कागद आला. आता तो माणूस मला हसून दाखवू दे. निकालाच्या तीन प्रती काढल्या. बाईंना म्हटलं, तुम्ही लिहून द्या की ही त्यांची चूक. त्या म्हणाल्या, "जे सापडलं ते लिहून देते. राग तुमचा तुम्ही सांभाळा, मला इंजेक्शनं सांभाळू द्या." मग इंजेक्शन दिलं. हात जड आहे. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळंच जड आहे.

हे दाराबाहेर बसले होते. मी सगळं सांगितलं. जिना उतरताना हे माझ्या एक पायरी पुढे, उलटे तोंड करून उतरत होते. मी म्हटलं, सरळ चाला, पडाल. ऐकलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी इंजेक्शनला गेले होते. बाई सुई भरत होत्या तेव्हा मी सहज जाऊबाईंची मजा सांगत होते. सोमवारी पुन्हा टाळ्या घेऊन आली. दीर फोनवर सांगत होता, एवढ्या टाळ्या आजवर कोणाला मिळाल्या नव्हत्या. त्याच दमात म्हणाला, ती हल्ली फार विसरते, काल किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. मी म्हटलं, कौतुक डोक्यात गेलं की असंच होतं.

बाईंनी सुई खाली ठेवली.

उलट्या होतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, ती जेवली की नळ सोडून बसते. चालते कशी? भिंत धरून, मिजाशीत. दोन-दोन दिसतं असं काही म्हणते? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे टेबलावर सांडलेलं पाणी आलं, आणि तिचं ते अय्या. पेल्यापासून चांगली वीतभर बाजूला ओतत होती ती.

"आत्ता फोन करा. माझ्यासमोर."

दिराने उचलला. ती झोपलीय म्हणाला, सकाळपासून झोपलीय, उठवलं तर काहीतरी असंबद्ध बोलते, थकली असेल. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. आवाज चढवला नाही, पण असं बोलल्या की मला शाळेतली पट्टी आठवली. दिराला म्हणाल्या, गाडी काढा, थेट हॉस्पिटल, जवळचं जे असेल ते. मग मला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि तेच तोंडाने दोनदा सांगितलं. पोटाचं ऑपरेशन झालंय हे सांगायचं. महिनोन् महिने उलट्या आहेत हे सांगायचं. बी-वन जीवनसत्त्व शिरेतून आधी द्यायचं, साखरेची बाटली, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, नंतर. आधी साखर गेली तर मेंदूला आणखी इजा होऊ शकते.

"ते ऐकणार नाहीत कदाचित," त्या म्हणाल्या. "मी फोन करतेच आहे. पण दारात तुम्ही उभ्या असाल. भांडता येतं ना तुम्हाला?"

शुक्रवार, ४ एप्रिल

परवाचं आज लिहिते. काल दिवसभर हॉस्पिटलात होते.

मी पोचले तेव्हा तिला खाटेवर घेतलं होतं. डोळे उघडे, पण बुबुळं जागेवर ठरत नव्हती. मला बघून म्हणाली, काटा कुठे आहे. एका परिचारिकेने साखरेची बाटली अडकवायला घेतली. मी सांगितलं, थांबा. ती म्हणाली, बाजूला व्हा, अशक्त पेशंटला हीच देतात. मी कागद दाखवला. तिने न वाचता सांगितलं की डॉक्टर आले की बघू.

मी खाटेच्या आणि बाटलीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. ओरडले नाही. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, ओठ उघडा, जबडा सैल सोडा, शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे. तसा सोडला. तिचं नाव विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून बाटली लावतेय ते विचारलं, आणि ती लावण्यापूर्वी बी-वन दिलेलं नाही असं लिहून सही द्यायला सांगितलं. सही म्हटल्यावर माणूस थबकतो. हे मी नोकरीत हजारदा पाहिलंय, फक्त तेव्हा थबकणारी मी असायचे.

तिने डॉक्टर बोलावले. डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी कागद वाचला. तेवढ्यात आमच्या बाईंचा फोनही त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी जाऊबाईंच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, आणि पाठ वळवून परिचारिकेला भराभर काहीतरी सांगितलं. औषध आधी गेलं. बाटली नंतर.

 मग दिराने मला बसायला स्टूल आणलं.

आज ती बोलते आहे. डोळे ठरायला लागलेत. मी बाजूला बसले होते, तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "ताई, मला कळत होतं काहीतरी बिघडलंय. एक घास राहायचा नाही पोटात. पण सगळे टाळ्या वाजवत होते हो. कशी सांगणार?"

 मार्चमधल्या त्या रविवारी मी तिच्या समोर बसून अंडं खात होते.

रविवार, १३ एप्रिल

जाऊबाई घरी आली. चालते, पण बोटीवर चालल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलंय, चाल सुधारेल, आठवणीचं सांगता येत नाही. आज मी ह्यांच्याबरोबर गेले तेव्हा तिने विचारलं, ताई, तुमच्या केसांचं काय झालं? मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. निघताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दीर खिडकीबाहेर बघू लागला. मी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काचेच्या दारासकट. ती मनापासून हसली. गोष्ट चांगली आहे, तिला दरवेळी नवी वाटेल.

तेवढ्यात ते आले. आमचे जुने डॉक्टर. हातात फुलं. चार मार्चनंतर प्रथमच समोरासमोर. जाऊबाईंच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, हे कोणालाही होऊ शकतं, लाखात एखाद्याला होतं, आता उत्तम आहे सगळं. मग नजर तिच्या मनगटांवर गेली आणि सवयीने म्हणाले, "वजन मात्र छान राखलंयस." ती हसली. तिला कौतुक आवडतं.

मी म्हटलं, डॉक्टर, गेल्या सहा महिन्यांत तिचं रक्त एकदा तरी तपासलंत? ते माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, वहिनींना सांभाळा, फार मनाला लावून घेतात. पुढच्या रविवारी डावाला येताय ना?

हे म्हणाले, बघतो.

ह्यांच्या तोंडून जाऊ दे ऐवजी दुसरं क्रियापद आलं, म्हणून तारीख घालून लिहून ठेवते.

शनिवार, १९ एप्रिल

आठवडाभर पत्राचा मसुदा चालला आहे. माझी आणि जाऊबाईंची अशी दोन्ही प्रकरणं एकत्र घातली आहेत. अर्ज परत करायचा असेल तर करू देत, मी पुन्हा पाठवीन. आधी जाऊबाईंना आणि दिराला वाचून दाखवलं. दिराने लगेच साक्षीदार म्हणून सही केली. तिने विचारलं, डॉक्टरांना वाईट वाटेल का? मी म्हटलं, वाटलं पाहिजे. थोडा विचार करून तिनेही केली. अक्षर वाकडं आलं, पण तिचं आहे.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे मसुदा ठेवला आणि भाजी चिरायला उठले. मला वाटलं, हे आता पटावरची सोंगटी उचलायला लावतात तितका वेळ लावणार. परत आले तर पेन्सिल काढून बसले होते. पत्रात मी चार ठिकाणी लिहिलं होतं, आपणांस विनंती आहे. चारही ठिकाणी ह्यांनी विनंती खोडली होती.

"एवढी वर्षं त्याच्यासमोर बसलो," हे म्हणाले. "जिन्यात तू पाय कुठे ठेवतेस ते मला दिसत होतं. मी त्याला सांगितलं होतं फेब्रुवारीत, खेळता खेळता. तो म्हणाला, वय. मी घोडा हलवला."

मग उठून ह्यांनी बशी काढली आणि माझं जेवण वाढलं. आज मी बशी पुढे ओढून घेतली.

पत्र पक्कं झालं. सोमवारी स्वतः जाऊन देणार आणि पोच घेणार, खिडकीवालीच्या सहीची नव्हे, त्यांच्या. प्रत दिराकडे एक, पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे एक, डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेकडे एक. इथे उतरवून ठेवते.

"डॉक्टर,

खाली सही करणाऱ्या दोघी तुमच्या पेशंट होतो. दोघींचं एकच ऑपरेशन झालं आहे. एकीला तुम्ही हाकलून दिलंत, दुसरीचं कौतुक केलंत, आणि रक्त दोघींचंही तपासलं नाहीत. पहिलीच्या पायांतली संवेदना गेली आहे आणि ती कितपत परत येईल हे तिच्या आत्ताच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दुसरी काल काय झालं ते आज विसरते.

आम्हाला पुढील गोष्टींचा खुलासा हवा आहे. आम्ही कोणकोणत्या तारखांना आलो आणि त्या प्रत्येक तारखेला तुम्ही काय तपासलंत. ऑपरेशनची चिठ्ठी दिलीत तेव्हा पुढे काय तपासत राहायचं हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं. माहीत होतं, तर का केलं नाहीत. माहीत नव्हतं, तर कोणाला विचारलंत. आणि हेच ऑपरेशन झालेल्या तुमच्या बाकीच्या पेशंटना हे पत्र मिळाल्यापासून किती दिवसांत बोलावून त्यांचं रक्त तपासणार आहात. त्यातली एखादी आज घरात भिंत धरून चालत असेल.

दिलगिरी नको. फुलं नकोत. आभार तर मुळीच नकोत, ते कशासाठी मानतात हे मला ठाऊक आहे. फोनवरचं उत्तर, दारात येऊन दिलेलं उत्तर, किंवा आमच्या यजमानांमार्फत पाठवलेला निरोप धरला जाणार नाही. ते तुमच्याकडे येणार नाहीत.

उत्तर लेखी, मुद्द्यांना मुद्दा, तुमच्या स्वतःच्या सहीचं, सोमवार दिनांक ५ मे, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने आम्ही दोघी परिषदेच्या दारात असू. एक काठी घेऊन, एक माझा दंड धरून. पायऱ्या चढायला वेळ लागेल, पण आम्ही वर पोचू."